घंगाळ : न्हाणीघरातून दिवाणखान्यात

घंगाळ म्हणजे आंघोळीचे पाणी घेण्याचे रुंद तोंडाचे, दोन कड्यांचे, तांब्याचे किंवा पितळेचे मोठे भांडे. साधारण पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत ते वडोदऱ्यातील जुन्या मराठी घरांच्या न्हाणीत हमखास दिसे. घरोघरी गिझर, शॉवर आणि प्लॅस्टिकची बादली आली आणि घंगाळ माळ्यावर गेले. अलीकडे ते पुन्हा खाली उतरू लागले आहे. आता त्याची जागा दिवाणखान्यात, दाराशी किंवा गॅलरीत असते. कोणी त्यात पाणी भरून फुले आणि पणत्या सोडतात, कोणी झाड लावतात, तर कोणी वर काच टाकून त्याचा टीपॉय करतात.

भांडे मोडीत जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मात्र हा बदल करताना घाईने केलेल्या काही गोष्टी पुन्हा सुधारता येत नाहीत. अशी एक चूक आमच्याच घरी झाली. तिची हकीकत पुढे येईलच. घंगाळ काय होते, कसे घडत असे, त्यावरचे नाव कसे वाचावे आणि त्याला धक्का न लावता ते घरात कसे मांडावे, याची माहिती एकत्र मिळावी म्हणून हे टिपण.

रूप आणि नाव

घंगाळाचे पोट गोल आणि खोल असते, बूड थोडे सपाट, आणि काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला असतो. काठाखाली समोरासमोर दोन कान रिव्हेटने ठोकलेले असतात आणि त्यांत हलत्या कड्या असतात. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायची ही सोय. घरगुती घंगाळात साधारण वीस ते चाळीस लिटर पाणी मावते. लहान मुलांसाठी याहून लहान घंगाळेही करत.

हंडा, कळशी, घंगाळ ही नावे हल्ली सरमिसळ वापरली जातात, पण भांडी निराळी आहेत. हंड्याला गळा असतो आणि तो पाणी साठवण्यासाठी. कळशी त्याहून लहान, कडेवर घेऊन पाणी आणण्यासाठी. घंगाळाला गळा नसतो, कारण त्यातून तांब्याने पाणी घ्यायचे असते. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे अशाच भांड्याला त्रांबाकुंडी म्हणतात आणि बंबाला बंबो. दोन्ही घरांत रीत सारखीच होती.

न्हाणीघरातील काम

घंगाळाचा जोडीदार म्हणजे बंब. बंबाच्या मधोमध नळकांडे असते. खाली जाळीवर लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या किंवा कोळसा पेटवायचा. धूर नळकांड्यातून वर जातो आणि भोवतीचे पाणी तापते. तोटी सोडली की कढत पाणी खाली ठेवलेल्या घंगाळात पडते. त्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल इतके करायचे, याला विसण घालणे म्हणतात. विसण किती घालायचे हे घरातल्या मोठ्या बायकांना हात बुडवताच कळे. घंगाळ तोंडाला रुंद असते ते यासाठीच. वाफ निघून जाते आणि पाणी ढवळून सारखे करता येते.

घंगाळ रोजच्या वापराचे असले तरी सणाला त्याचा मान वेगळा असे. नरकचतुर्दशीला पहाटे पाटाभोवती रांगोळी घालून, तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान होई ते घंगाळातल्या पाण्याने. आदल्या दिवशी घंगाळ चिंचेने लख्ख घासून ठेवायचे काम घरातल्या मुलांकडे असे. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र वापरत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. ही वाटी सोडण्यासाठी पाण्याने भरलेले घंगाळ मांडत. त्यामुळे आज फुले सोडलेले घंगाळ दिवाणखान्यात पाहून कोणाला ते परके वाटत असेल, तर घरातल्या समारंभात पाण्याने भरून मांडलेले घंगाळ आपल्याकडे जुनेच आहे, हे लक्षात घ्यावे.

घडण

महाराष्ट्रात ही भांडी घडवणारे कारागीर म्हणजे तांबट. पुण्यातील कसबा पेठेतली तांबट आळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली तांबट कुटुंबे तिथे वसली. गुजरातेत हे काम कंसारे करतात.

तांब्याचा गुण असा की ठोकले की ते कडक होते, आणि लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ होते. कारागीर पत्रा ठोकून खोलगट करतो, तो कडक झाला की भट्टीत घालतो आणि पुन्हा ठोकतो. हे चक्र अनेकदा चालते. शेवटी भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकसारखे, ओळीने ठोके देतात. याला मठार म्हणतात. मठारामुळे भांड्यावर चमकदार टिकल्यांची नक्षी दिसते. पण तो केवळ शोभेसाठी नाही. त्याने पत्रा शेवटचा कडक होतो आणि भांडे सहजी पोचत नाही.

मोठे भांडे बहुधा दोन भागांत करत. खालचा आणि वरचा भाग जिथे मिळतो, तिथे पत्र्याच्या कडा दातेरी कापून एकमेकींत बसवत आणि पितळेच्या झाळाने जोडत. जुन्या घंगाळाच्या पोटावर आडवी, करवतीच्या दातांसारखी पिवळसर रेघ दिसते ती हीच. कित्येक लोक ती भेग समजतात आणि पॉलिशवाल्याला "घासून काढा" असे सांगतात. ती भेग नाही, ते भांड्याचे सांधकाम आहे आणि हातघडणीची मुख्य खूण आहे.

वडोदऱ्यात आली कशी, गेली कशी

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी कुटुंबे गुजरातेत आली. पुढे सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत (१८७५ ते १९३९) शिक्षण, न्याय, महसूल अशा खात्यांत नोकरीनिमित्त आणखी अनेकजण आले. घर हलवताना लाकडी सामान मागे राही, पण भांडी बरोबर येत. ती टिकाऊ होती, आणि अडीनडीला गहाण टाकता किंवा विकता येत. लग्नात मुलीला आंदण म्हणून मोठी भांडी देण्याची रीत होती. त्यामुळे प्रत्येक पिढीत सुनेबरोबर एखादे नवे भांडे घरात येई. अशा भांड्यांवर माहेरच्या माणसांचे किंवा मुलीचे नाव, गाव आणि साल कोरलेले असे.

मग काळ बदलला. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टील स्वस्त झाले, गॅस आला, वाडे पाडून इमारती झाल्या. फ्लॅटच्या बाथरूममध्ये बंब पेटवायला जागा नव्हती. तांब्याची मोड देऊन स्टीलचे डबे घ्यायचे, हा व्यवहार घरोघरी झाला. आमच्या घरचा बंब असाच गेला. त्या वेळी ते शहाणपणाचेच वाटले, आणि घरखर्चाच्या दृष्टीने चूकही नव्हते. घंगाळ मात्र आईने दिले नाही. का दिले नाही, हे आम्ही कधी विचारले नाही.

भांड्यावरचे नाव

आता ती हकीकत. रावपुऱ्यातील वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हा घंगाळ बरोबर आणले. ते काळे पडले होते. दिवाणखान्यात ठेवायचे म्हणून एका पॉलिशच्या दुकानात दिले. चार दिवसांनी परत आले ते आरशासारखे. सगळ्यांनी कौतुक केले. दिवाळीला माझी आत्या आली. तेव्हा ती पंच्याऐंशीच्या पुढे होती. तिने काठाखाली हात फिरवला आणि विचारले, "आईच्या माहेरचं नाव होतं ना रे इथं?"

ते घंगाळ आजीच्या आंदणाचे होते, हे आम्हाला ठाऊक होते. त्यावर अक्षरे आहेत हेही ठाऊक होते. पण ती नीट वाचून कोणी लिहून ठेवली नव्हती. मशीनच्या चाकाखाली ती झिजली. आज उजेड तिरपा पाडला तर गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरे "वली", आणि "शके १८" एवढेच लागते. कोकणात "वली"ने संपणारी गावे कितीतरी आहेत. शके १८०० ते १८९९ म्हणजे १८७८ ते १९७७, यावरून काहीच ठरत नाही. आजीला माहेर लवकर राहिले नाही. घरच्या सगळ्या कागदांवर तिचे सासरचेच नाव आहे. ती कोणाची मुलगी, कुठल्या गावची, हे सांगणारी एकच लेखी वस्तू आमच्या घरात होती आणि ती आम्ही पैसे देऊन पुसून घेतली. आत्याला गावाचे नाव आठवले नाही. पुढे तीही गेली.

दुकानदाराचा दोष नाही. त्याला चकाकी हवी असे सांगितले होते, ती त्याने दिली. दोष न वाचता देण्याचा. म्हणून पहिली सूचना हीच की भांडे साफ करण्याआधी त्यावरचे नाव वाचावे.

*नाव कुठे शोधावे :* काठाच्या खालची पट्टी, काठाची वरची बाजू, कानांच्या शेजारी आणि बुडाखाली. अक्षरे सलग रेघांची असतील किंवा टोच्याने पाडलेल्या टिंबांची. लिपी बहुधा बाळबोध असते, पण मोडी किंवा गुजरातीही असू शकते. घरात मोडी वाचणारे कोणी नसेल तर फोटो काढून जाणत्या माणसाला दाखवावा.

*कसे वाचावे :* रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरावी. समोरून न दिसणारी अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी मोबाइलने फोटो घ्यावा. पातळ कागद अक्षरांवर ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवली तरी ठसा येतो. अक्षरे स्पष्ट करण्यासाठी खिळ्याने किंवा सुईने कोरू नयेत.

*साल कसे लावावे :* शके असेल तर त्यात ७८ मिळवावे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचे दिवस असतील तर ७९. संवत असेल तर ५७ वजा करावे. जानेवारीनंतरची तिथी असेल तर ५६. गुजरातेतील संवत कार्तिकात, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बदलतो, तर शक चैत्रात. त्यामुळे एकाच लग्नाच्या दोन भांड्यांवर एकावर शक आणि दुसऱ्यावर संवत असेल, तर आकड्यांतला फरक पाहून गोंधळू नये. उदाहरणार्थ, शके १८३२ म्हणजे १९१०-११, आणि गुजराती संवत १९६७ हाही १९१०-११ मध्येच येतो.

काही भांड्यांवर नावाबरोबर वजनही असते. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण प्रांतोप्रांतीचे शेर निराळे होते. त्यामुळे कोरलेले वजन आजच्या काट्याशी जुळले नाही तर लगेच भांडे झिजले असे समजू नये.

जुने की नवे?

जुन्या वस्तूंना मागणी आली तशी जुन्यासारखी दिसणारी नवी घंगाळेही बाजारात आली. नवे घेण्यात वाईट काही नाही, फक्त जुन्याची किंमत नव्याला देऊ नये. पाहण्यासारख्या खुणा अशा :

- लोहचुंबक लावावे. तांब्या-पितळेला ते चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड असून वर तांब्याचा मुलामा आहे.
- पोटावर दातेरी सांधा दिसतो का पाहावे. दिसला तर हातघडणीचे भांडे. नसला म्हणजे नवेच असे नाही, कारण लहान भांडी एका पत्र्यातही करत.
- आतून एकसारख्या बारीक गोल रेघा असतील तर भांडे बहुधा यंत्रावर फिरवून केलेले आहे.
- बूड आणि कड्या पाहाव्यात. वर्षानुवर्षे फरशीवर सरकलेले बूड कडेला झिजते, कडी कानात जिथे घासते तिथे खाच पडते. सगळीकडे सारखा काळेपणा आणि झीज मात्र कुठेच नाही, असे असेल तर रंग मुद्दाम आणलेला असू शकतो.

साफसफाई

तांबे हवेत आधी तपकिरी आणि मग काळपट होते. हा थर भांड्याला अपाय करत नाही. हिरवट जंगाल मात्र निराळे. ओल, आंबट पदार्थ किंवा मीठ राहिले की ते येते, आणि ते काढायला हवे.

नाव वाचून, फोटो काढून झाल्यावर पुढील क्रमाने साफ करावे :

१. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. मग कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवावे. पुष्कळ भांडी एवढ्यानेच चांगली दिसतात.

२. आणखी उजळ हवे असेल तर चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस मऊ फडक्याने लावावा, दोन-तीन मिनिटांत धुवून टाकावा. आपल्याकडे चिंचेबरोबर मीठ घेण्याची सवय आहे. मिठाने काम झटकन होते, पण ते सांध्यात आणि अक्षरांच्या खाचांत राहिले तर तिथेच पुन्हा हिरवे डाग धरतात. रोज घासल्या जाणाऱ्या भांड्याला हे चालून जाई. वर्षभर शोभेला ठेवायच्या भांड्याला मीठ लावू नये.

३. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे, म्हणजे आम्ल उरत नाही.

४. लगेच कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ उन्हात किंवा पंख्याखाली ठेवावे.

तारेचा ब्रश, लोखंडी घासणी, संडास साफ करण्याचे ॲसिड आणि बफिंगचे चाक ही चारही टाळावीत. अक्षरांवर तर राख किंवा रांगोळीही जोराने घासू नये. आतली बाजू रुपेरी दिसत असेल तर ती कल्हई आहे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो घासून काढायचा नाही.

चमक टिकावी म्हणून लॅकर मारून घेण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. लॅकरला काही वर्षांत ओरखडे पडतात, त्यातून हवा शिरून भांडे चट्ट्याचट्ट्यांनी काळे पडते, आणि मग सगळा थर रसायनाने उतरवावा लागतो. त्यापेक्षा मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसावे. हे पुन्हा पुन्हा करता येते आणि हवे तेव्हा काढताही येते.

पोचा आला असेल तर जाणत्या कंसाऱ्याकडूनच काढून घ्यावा. सांध्याजवळ जाळ लागला तर जुना झाळ सुटतो, म्हणून तापवू नका असे आधीच सांगावे. फक्त मांडायचे असेल तर पोचा राहू दिला तरी काही बिघडत नाही.

मांडणीचे प्रकार आणि घ्यायची काळजी

मांडणीसाठी एक नियम पुरतो. उद्या आपल्या मुलांना घंगाळ पुन्हा घंगाळ म्हणून वापरावेसे वाटले तर वापरता आले पाहिजे. म्हणजे भोक नाही, काप नाही, न निघणारा रंग नाही.

*पाणी व फुले.* पंचवीस लिटर पाणी म्हणजे पंचवीस किलो, त्यात भांड्याचे वजन वेगळे. म्हणून घंगाळ आधी जागेवर ठेवून मग भरावे आणि कड्या धरून भरलेले उचलू नये. जुने रिव्हेट सैल झालेले असतात. तिसरा हिस्सा पाणी फुलांना पुरते. पाणी रोज बदलावे. ते जमत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून, आतून पुसून कोरडे करावेच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. "तांब्याच्या भांड्यात डास होत नाहीत" यावर विसंबू नये. पाण्याची पांढरी रेघ उमटली तर लिंबू लावून लगेच धुवावे.

*झाड.* माती थेट घंगाळात भरू नये. ओलसर माती आणि खतातले क्षार तांबे खातात, तांबे मुळांना सोसत नाही, आणि पाणी निघायला वाट नसते. मग बुडाला भोक पाडायची वेळ येते. त्याऐवजी झाड प्लॅस्टिकच्या कुंडीतच ठेवावे, कुंडीखाली ताटली आणि लाकडी ठोकळे ठेवावेत, आणि पाणी घालताना कुंडी बाहेर काढावी.

*टीपॉय.* काठ क्वचितच पूर्ण सपाट असतो. काचेखाली रबराची बटणे तीन-चार ठिकाणी बसवावीत. काच टफन्ड, कडा घासलेली आणि निदान दहा मिलीमीटर जाड असावी. घरात लहान मूल असेल तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

*दिवा.* हंड्याला किंवा घंगाळाला भोके पाडून दिवे करण्याची पद्धत निघाली आहे. पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही. आतून उजेड हवाच असेल तर बॅटरीवरचा एलईडी आत ठेवावा. विजेची तार आणायचीच झाली तर हे ध्यानात असू द्यावे की वीज वाहून नेण्यात चांदीनंतर तांब्याचाच क्रम लागतो. तारेचे आवरण एका जागी खरचटले तरी सगळे भांडे विजेने भारले जाते. तीन पिनांचा प्लग आणि भांड्याला जोडलेले अर्थिंग हवे, आणि काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. पाणी आणि विजेची तार एका भांड्यात कधीही नको.

*बैठक.* लोखंडी तिवईवर ठेवताना मध्ये रबर किंवा जाड नमदा घालावा. तांबे आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की लोखंड लवकर गंजते आणि तांब्यावर डाग पडतात. घरात जुनी लाकडी घडवंची असेल तर ती सगळ्यांत उत्तम.

*खाण्यापिण्यासाठी नको.* समारंभात घंगाळात सरबत किंवा पन्हे करण्याचा मोह आवरावा. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्यात कळकतो आणि पोटाला बाधतो. शिवाय जुन्या डागडुजीचे करडे ठिपके शिशाचे असू शकतात. बंद बाटल्या थंड करण्यासाठी बर्फ भरायला हरकत नाही. तो बर्फ मात्र पेल्यात घालू नये.

मोल, वाटणी आणि परदेश

बँकेत नोकरी केल्यामुळे लोक मला याची किंमत काय येईल असे विचारतात. मोडीचा हिशेब सोपा आहे. वजन, त्या दिवसाचा तांब्याचा भाव, आणि त्यातून दुकानदार धरतो ती घट. जुन्या वस्तूंचा व्यापारी याहून जास्त देतो, कारण तो घडण, मठार आणि नाव पाहतो. तो ते पुढे चढ्या किमतीला विकतो. म्हणून घाईने मोडीत देण्याआधी दोन ठिकाणी दाखवावे. विकायचेच ठरले, तरी नावाचा फोटो आणि ठसा आपल्याजवळ ठेवावा.

वाटणीत एकच घंगाळ आणि तीन भावंडे, हा प्रसंग अनेक घरांत येतो. भांडे एकाकडे राहील, पण फोटो, नावाचे वाचन आणि ते कोणाच्या लग्नात आले याची नोंद तिघांकडे राहू शकते. ज्या घरी घंगाळ असेल तिथे दिवाळीची पहिली आंघोळ सगळ्यांनी मिळून करायची, असे ठरवलेली कुटुंबेही मी पाहिली आहेत.

मुले परदेशी असतील तर आणखी एक गोष्ट. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू त्या वर्गात मोडत नसेल तर तसे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून मिळते. या खात्याचे मंडळ कार्यालय वडोदऱ्यातच आहे. जुने दिसणारे भांडे विमानाच्या सामानात घालण्याआधी तिथे चौकशी करावी. घरात ठेवण्याला, वापरण्याला मात्र अडचण नाही.

ज्यांना अशी भांडी एकत्र पाहायची आहेत त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला भेट द्यावी. आपल्याला त्याहून जवळ अहमदाबाद आहे. तिथे विशाला येथे सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये खास भांड्यांचे संग्रहालय सुरू केले.

शेवटी

आमचे घंगाळ आजही दिवाणखान्यात आहे. रविवारी त्यात पाणी भरतो, नातीला झेंडूची आणि शेवंतीची फुले सोडायला आवडते, आणि संध्याकाळी ते रिकामे करून पुसून ठेवतो. काठाखाली उरलेली "वली" ही दोन अक्षरे मी तिला दाखवली आहेत. पुढचे काय ते सांगता आले नाही.

आपल्या घरी असे भांडे असेल तर या आठवड्यात माळ्यावरून खाली काढावे, रात्री टॉर्च धरून नाव वाचावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला ते नाव कोणाचे हे विचारून, तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. घासणे, पुसणे, मांडणे त्यानंतर.